खलनायक होता की नव्हता?

सकाळी स्नानसंध्या, मग शाळेत मुलांकडून शब्दरूपे घोटून घेणे, जेवणानंतर घटकाभर वामकुक्षी आणि दुपार कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत खून, दरोडे व विषप्रयोग, असा माझा दिनक्रम पुष्कळ वर्षे होता. यातल्या शेवटच्या भागाविषयी घरात थोडा संकोच असे. "हे छापखान्यात संस्कृतचं काहीतरी बघतात," असे माझी पत्नी शेजारणींना सांगे. वस्तुस्थिती अशी, की नाशिकच्या एका दिवाळी अंकातली रहस्यकथा संपादित करणे हे माझे काम होते, आणि त्या कामाने मला जे समाधान दिले ते सांगताना मला आज मुळीच संकोच वाटत नाही.

माझे शिक्षण पाठशाळेतले. छापखान्यात मी प्रथम गेलो तो एका पूजाविधीच्या पुस्तकातील मंत्र तपासण्यासाठी. मालक भाऊसाहेब हे मोठे हौशी गृहस्थ. छापखाना त्यांचा आणि दिवाळी अंकही त्यांचाच. एके दिवशी मंत्रांची प्रुफे यायला उशीर होता, म्हणून त्यांनी माझ्यापुढे एका रहस्यकथेचे बाड सरकवले.

"शास्त्रीबुवा, चाळा जरा. वेळ जाईल तुमचा."

दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मी ते बाड खाली ठेवले आणि म्हणालो, "यातल्या धाकट्या काकांनी मारले आहे."

भाऊसाहेबांनी घाईने शेवटची पाने उलटून पाहिली आणि चष्मा काढला. "कशावरून ओळखलंत?"

"लेखक त्यांच्याविषयी फार जपून बोलतो आहे. बाकी सगळ्यांना खोकला येतो, राग येतो, भूक लागते. काकांना काहीच होत नाही."

"उद्यापासून रोज या," भाऊसाहेब म्हणाले.

आता या अंकाची जी रीत होती ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमची रहस्यकथा दिवाळीला छापली जाई ती शेवटच्या प्रकरणाविना. वाचकांनी गुन्हेगार ओळखून कार्डावर त्याचे नाव कळवायचे. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुपारी एका सभागृहात सगळे जमत, लेखक शेवटचे प्रकरण वाचून दाखवी, आणि वाचन संपले की भाऊसाहेब उभे राहून एकच प्रश्न विचारीत, "खलनायक समोर होता की नव्हता?" लोक आपापले अंक घेऊन आलेले असत. लेखक ज्या ज्या जागा सांगेल ती पाने उलटून पाहत, आणि मग सगळे सभागृह एका आवाजात निकाल देई. "होता!" म्हणजे लेखक जिंकला. "नव्हता!" म्हणजे त्याने वाचकाला फसवले. त्यानंतर मंडळी गोदेवर दीपदानाला जात. पुढे खिशाखिशात मोबाईल आले. पुढच्या रांगेत ऐकलेले नाव सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आधी कळू लागले, आणि ही रीत हळूहळू मिटली. त्याची हळहळ मला अजून वाटते. टाळ्या मी अनेक सभांत ऐकल्या. परंतु शेकडो अंकांची पाने एकदम उलटल्याचा तो आवाज पुन्हा कुठे ऐकला नाही.

या रीतीमुळे एक कडक शिस्त पाळावी लागे. खलनायक कोण, हे लेखक आणि मी यांखेरीज कोणालाही ठाऊक नसे. भाऊसाहेबांनाही नाही. शेवटचे प्रकरण त्रिपुरीपर्यंत माझ्या देवघरातल्या संदुकीत राही. छापखान्यातील खिळे जुळवणारे जुळारी आणि प्रुफे वाचणारे दामूअण्णा कथेच्या शेवटाविषयी पूर्णपणे अंधारात असत. ही शिस्त माझीच, आणि तिचा मला अभिमान होता. एके वर्षी तिनेच आम्हाला पेचात टाकले, त्याची हकीकत मला सांगायची आहे.

पण आधी थोडे या कारागिरीविषयी. खलनायक लपवणे सोपे आहे. त्याला कपाटात बंद करावे आणि शेवटच्या पानावर बाहेर काढावे. कठीण आहे ते त्याला भर उजेडात बसवून, वाचकाने त्याच्याकडे पाहून हसावे आणि पुढे जावे, अशी व्यवस्था करणे. न्यायशास्त्र शिकताना आम्हाला डोंगरावरच्या धुराचा दृष्टांत देत. धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे अनुमान करावे. मात्र दिसते आहे तो धूर आहे, धुके नव्हे, याची आधी खात्री करावी. रहस्यकथेचा लेखक हे शास्त्र उलटे चालवतो. त्याने धूर खराखुरा दाखवायचा असतो, पण वाचकाला ते धुके वाटले पाहिजे. शेवटी अग्नी प्रकट झाला की वाचक कपाळावर हात मारतो आणि म्हणतो, "अरे, तो धूर होता!" खोटा धूर दाखवला, तर ती लबाडी. धूर दाखवलाच नाही, तर तो वाचकाचा अपमान.

धुराचे धुके कसे करावे? नव्या लेखकांना मी सांगत असे, की खूण कधीही वाक्याच्या शेवटी ठेवू नका. तिथे वाचकाची नजर थांबते. खूण मधे ठेवा आणि तिच्या पाठोपाठ काहीतरी सांडवा, फोडा किंवा कोणाला तरी रडवा. दुसरे असे, की खलनायकाला एखादा खरा सद्गुण द्या. दाखवायचा सद्गुण नको. वाचकाच्या उपयोगी पडेल असा हवा. कथेतील ज्या माणसाची वाचकाला काळजी वाटते, त्याच्यासाठी खलनायकाने काहीतरी करावे. वाचक कृतज्ञ झाला, की त्याची बुद्धी पाटावर बसून जेवू लागते.

हे सगळ्यांनाच पटे असे नाही. एका गृहस्थांनी आपल्या खलनायकाला तिरळा डोळा, तुटका दात, चिरूट आणि विकट हास्य असे सगळेच दिले होते. मी म्हणालो, "यातले एखादे कमी करता येईल का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी येऊन सांगितले, "चिरूट काढला. विडी दिली." त्या वर्षी आलेल्या कार्डांवर एकच नाव होते आणि त्याखाली पुष्कळांनी "बिचारा" असे लिहिले होते. यांच्या अगदी उलट दुसरे एक लेखक. त्यांनी मला अर्धवट कथा देऊन "शेवट मनात आहे, शास्त्रीबुवा, काळजी नको," असा धीर दिला. त्यांच्या मनातला शेवट असा, की खुनी म्हणजे आजवर कथेत पाऊलही न टाकलेला, बडोद्याहून आलेला एक मावसभाऊ. त्या त्रिपुरीला सभागृहात जो "नव्हता!" झाला, त्याने वरची कौले हलली असावीत. लेखकमहाशय मागच्या दाराने असे गेले, की त्यांच्या चपला पुढच्याच दाराशी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला बोलावले. ते रागावले की फार हळू बोलत.

"शास्त्रीबुवा, लोक पैसे देऊन अंक घेतात. एक वर्ष समजून घेतील. पुढच्या त्रिपुरीला पुन्हा 'नव्हता' झालं, तर रहस्यकथा बंद. त्या पानांवर वार्षिक राशिभविष्य छापू."

"राशिभविष्य?"

"त्यात लोक विचारत नाहीत, होता की नव्हता."

मी पंचांग मानणारा मनुष्य आहे. तरीही ते काही मला मानवण्यासारखे नव्हते.

पुढच्या वर्षीची कथा लिहिणार होत्या वासंतीबाई. त्या इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करीत. माहेर नांदगावचे, बोलणे सडेतोड, आणि हसणे असे की खालच्या मजल्यावरची यंत्रेही मागे पडावीत. त्यांची ही पहिलीच रहस्यकथा. मी त्यांना राशिभविष्याचे संकट सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातून बुडालं तर तुमचा सगळा खेळ बुडाला. बरं झालं सांगितलंत. फाशीची केस असली की मी अभ्यास नीट करते."

कथा त्यांनी पंचवटीतल्या एका जुन्या उपाध्याय घराण्यात घडवली होती. वैशाखातल्या एका सोमवारी सकाळी घरातल्या देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी हुबेहूब नकली मुखवटा सापडतो. संशयाला जागा अनेक. कर्जात बुडालेला जावई आहे, जुन्या वस्तूंची फार चौकशी करणारा डॉक्टर आहे. आणि माडीवर अप्पा नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर भाड्याने राहतात. सगळ्या घराचा त्यांच्यावर जीव. घरातल्या आजी तर त्यांना धाकट्या दिरासारखे मानतात. खरा चोर हे अप्पाच. ते पहाटे देवळात जातो असे सांगून निघत आणि एका चांदीकाम करणाऱ्याकडे नकली मुखवटा घडवून घेत. परतताना वाटेतल्या नळावर पंचा भिजवीत, म्हणजे रामकुंडावर स्नान करून आल्यासारखे दिसावे.

त्यांना उघडे पाडणारी खूण वासंतीबाईंनी दुसऱ्या प्रकरणात ठेवली होती. त्या सोमवारी सकाळी अप्पा दारात येतात. खांद्यावरच्या ओल्या पंच्याचे पाणी उंबऱ्यावर ठिबकते आहे. ते म्हणतात, "आत्ताच कपालेश्वराहून येतोय, वहिनी. नंदीच्या कानात तुमच्या नातीच्या लग्नाचं सांगून आलो." आजींचे डोळे भरून येतात, पण लगेच त्या ओरडतात, "अप्पा, उंबरा भिजला! आत्ता रांगोळी काढली होती!"

नाशिकच्या मनुष्याला यातली मेख सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. पंचवटीत रामकुंडाजवळ कपालेश्वराचे मंदिर आहे आणि त्या महादेवासमोर नंदी नाही. शंकराला पापक्षालनाचा मार्ग नंदीने दाखवला, म्हणून देवाने त्याला गुरू मानले, आणि गुरूला आपल्यासमोर सेवकासारखे कसे बसवावे, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. देवाच्या त्या विनयापुढे मी अजूनही तिथे गेलो की क्षणभर थबकतो. तेव्हा कपालेश्वरी नंदीच्या कानात बोलून आलेला मनुष्य तिथे गेलेलाच नाही, हे उघड होते.

"हे फार मोठ्याने झाले, वकीलबाई," मी म्हणालो. "नाशिकचे पोरही ओळखेल."

"नाही ओळखणार. देवळात जे आहे ते लोक पाहतात. जे नाही ते कोण पाहतो? आणि नातीचं लग्न आलं ना मधे! आजीच्या डोळ्यांत पाणी आलं की वाचकाच्या डोळ्यांत येतं, आणि डोळ्यांत पाणी असलं की दिसत नाही."

माझाच धडा त्यांनी मला परत दिला होता. मी मान डोलावली. खूण तशीच राहिली.

अंक दिवाळीला निघाला. कार्डे येऊ लागली आणि माझा आनंद दिवसेंदिवस वाढू लागला. कोणी जावयाचे नाव लिहीत होते, कोणी डॉक्टरचे. नंदीचा उल्लेख एकाही कार्डावर नव्हता. मी मनोमन वासंतीबाईंना नमस्कार केला.

अशात एक दिवस दिंडोरीचे आबा आले. आबांची द्राक्षांची बाग. आमच्या रहस्यकथेचे ते जुने भक्त. कार्ड टाकणे त्यांना कमीपणाचे वाटे, म्हणून फवारणीचे औषध घ्यायला शहरात आले की ते आपला निर्णय समक्ष सांगून जात.

"रामराम, शास्त्रीबुवा! यंदा डॉक्टरच."

"आबा, गेल्या वर्षीही तुम्ही डॉक्टरच म्हणाला होतात."

"गेल्या साली कथेत डॉक्टर नव्हता, तरी म्हणलो होतो. यंदा हाय!" त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "आन् त्या पोस्टमास्तरावर कुणी संशय घेतला तर मला दाखवा. लय भाविक माणूस. भल्या पहाटं त्र्यंबकला जातो, दुसऱ्याच्या नातीसाठी नंदीच्या कानात सांगतो. असला भाडेकरू मला मिळाला तर भाडं घेणार नाय मी."

"कुठे जातो म्हणालात?"

"त्र्यंबकला. तुमीच छापलंय की!"

मी टेबलावरचा अंक उघडला. तिथे स्वच्छ छापले होते, "आत्ताच त्र्यंबकेश्वराहून येतोय, वहिनी." मला आठवते, आबा पुढे बराच वेळ डॉक्टरविषयी बोलत होते आणि मी अगदी योग्य ठिकाणी "हो, हो" म्हणत होतो. मला त्यातले अक्षरही ऐकू आले नाही.

आबा गेल्यावर मी छापखान्याच्या माडीवर दामूअण्णांकडे गेलो. शेवटचे प्रुफ पाहून छपाईला सोडणे हा त्यांचा अधिकार, आणि त्यांच्या नजरेतून काना-मात्राही सुटत नसे. कपाळाला भस्म, नाकाच्या टोकावर चष्मा.

"अण्णा, इथे कपालेश्वर होते."

"होतं. मी काढलं." दामूअण्णा प्रसन्नपणे हसले. "कपालेश्वराला नंदी, शास्त्रीबुवा! नशीब माझ्या नजरेला पडलं. अंकात तसं आलं असतं तर गावानं आपल्या तोंडात शेण घातलं असतं. वकीलबाई नांदगावच्या, त्यांना काय ठाऊक! मी त्र्यंबकेश्वर घातलं. तिथे नंदी आहे. महादेव काय, दोन्हीकडे तोच."

मी अंक मिटला. त्यांना दोष कसा देणार? ज्या माणसाला खलनायकाचे नाव आम्हीच सांगितले नव्हते, त्याने एका भाविक नाशिककराचे कर्तव्य केले होते.

निरोप मिळताच वासंतीबाई न्यायालयातून थेट आल्या. काळा कोट हातावर, कपाळावर घाम. दामूअण्णांना आता सगळे सांगणे भागच होते. आम्ही तिघे माडीवर बसलो आणि मी अप्पांचे गुपित उघड केले. दामूअण्णांचा चेहरा उतरला.

"अप्पा?" ते म्हणाले. "अहो, पण ते नातीच्या लग्नासाठी..."

"तेच तर, अण्णा," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि एक सांगते. नांदगावलाही कपालेश्वराला नंदी नसल्याचं ठाऊक असतं."

"मग लिहिलंत कशाला?"

"तुमच्यासारख्यांनी वाचावं म्हणून! खोडावं म्हणून नव्हे!"

मी दोघांनाही शांत केले. प्रश्न असा होता, की शेवटचे प्रकरण ज्या खुणेवर उभे होते ती खूण वाचकांच्या हातातल्या अंकात नव्हतीच. शुद्धिपत्र काढावे, तर एका वाक्यासाठी काढलेले शुद्धिपत्र म्हणजे अप्पांना गाढवावर बसवून मिरवण्यासारखे. न काढावे, तर त्रिपुरीला सगळे सभागृह "नव्हता!" म्हणणार, आणि तेही न्याय्य.

"आपण दुसऱ्या कोणाला चोर करू या," मी भीत भीत म्हणालो. "जावई आहे..."

"जावयाविरुद्ध कर्जाशिवाय काही नाही. कर्ज असणं हा गुन्हा असता तर निम्मं नाशिक आत असतं." वासंतीबाई उठून येरझारा घालू लागल्या. "शास्त्रीबुवा, रोज कोर्टात उभी राहून मी सांगते, पुरावा नोंदवला नसेल तर शिक्षा देता येणार नाही. आता मीच तसं करू? सांगून ठेवते, प्रकरण वाचून झाल्यावर भाऊसाहेब विचारतील, तेव्हा पहिला आवाज माझा असेल. नव्हता, म्हणून."

त्या हे नुसते बोलत नव्हत्या. त्या तसे करतील याची मला खात्री होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे मेष, वृषभ, मिथुन अशा राशी क्रमाने उभ्या राहू लागल्या.

दामूअण्णा मात्र आता चिडले होते. मनुष्य दुखावला की आपल्या कामाचा हिशेब देऊ लागतो.

"मला दोष देऊ नका. मी एका देवळाचं नाव बदललं, बस्स. बाकी एका अक्षराला हात लावला असेल तर दाखवा. नंदी ठेवला. कान ठेवला. नातीचं लग्न ठेवलं. पंचा ओला होता, तो ओलाच ठेवला. उंबऱ्यावर पाणी ठिबकत होतं, ते ठिबकतंच ठेवलं..."

वासंतीबाई येरझारा घालता घालता थांबल्या.

"अण्णा, पुन्हा म्हणा."

"काय?"

"त्र्यंबकहून आले. आणि पंचा?"

"ओला," दामूअण्णा म्हणाले. "ठिबकत..."

आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहिले. त्र्यंबकेश्वर म्हणजे तासाभराचा एस्टीचा प्रवास. वैशाखाचा महिना. उघड्या खिडकीशी बसून आलेल्या माणसाच्या खांद्यावरचा विरविरीत सुती पंचा नाशिकच्या उंबऱ्यावर पाणी कसा गाळील? आमच्या दामूअण्णांनी भक्तिभावाने एक दार बंद केले होते आणि त्याच हाताने दुसरे सताड उघडले होते. उलट ही खूण अधिकच चांगली होती. कपालेश्वर म्हणजे पाच पावलांवर. त्र्यंबकेश्वर म्हटल्यामुळे चोरीच्या वेळी अप्पा गावातच नव्हते असे वाचकाला वाटणार. "अहो, हा तर आरोपीचा सगळ्यात लाडका बचाव झाला!" वासंतीबाई टेबलावर थाप मारून म्हणाल्या. "मी दुसऱ्या गावी होतो! आणि तो मोडतो कोण, तर आजीचा भिजलेला उंबरा!" त्यांचे ते हसणे ऐकून खालचे जुळारी जिन्यात येऊन उभे राहिले.

शेवटचे प्रकरण त्यांनी नव्याने लिहिले. मी फक्त एकाच ठिकाणी त्यांचा हात धरला. तिथे त्यांनी अप्पांना फार शिव्या दिल्या होत्या, मी म्हणालो, "आपण त्यांना आजवर लोकांच्या हृदयात बसवले आहे, उठवताना हाताला धरून उठवा." दामूअण्णांनी ते प्रकरण तपासायला चक्क नकार दिला. "तुमच्या कथेत कुठली चूक खरी आणि कुठली मुद्दाम, हे मला कळत नाही. माझ्या धर्माला हे झेपायचं नाही."

त्रिपुरी पौर्णिमेला सभागृह भरले होते. मखमलाबादकडची माळीमंडळी झेंडूचे ढीग विकून आली होती, वकीलबाईंची न्यायालयातली मंडळी होती, आणि पहिल्या रांगेत अंकाची सुरळी करून आबा. दामूअण्णा शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड. वासंतीबाई वाचू लागल्या. जावई सुटला, डॉक्टर सुटला, तेव्हा आबांनी मोठ्याने सुस्कारा सोडला. मग अप्पांचे नाव आले, आणि सभागृहातून एक दुखावलेला हुंकार उमटला. घरातल्या माणसावर कोणी आळ घ्यावा तसा.

आबा उठून उभेच राहिले. "हे चालायचं नाय, बाई! मास्तर त्या सकाळी त्र्यंबकला होता. छापील हाय माझ्याकडं!"

"कोणी सांगितलं त्र्यंबकला होता?"

"त्यानंच!"

"बरोबर. त्यानेच," वासंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "आता दुसरं प्रकरण काढा. अप्पा दारात येतात तिथे. आजी काय म्हणतात ते वाचा."

पाने उलटली. तो आवाज झाला. मी डोळे मिटून कुलदेवतेचे स्मरण केले. एवढ्यात मधल्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, "अगं बाई! पंचा!"

"काय पंचा?" कोणीतरी विचारले.

"ठिबकतोय ना तो!"

आबांनी अंक डोळ्यांजवळ नेला. ओठ हलवीत वाक्य वाचले. मग मान वर करून ते सभागृहाकडे वळले, जणू आता खटला त्यांच्याकडेच आला होता.

"थांबा, थांबा. मी जातो त्र्यंबकला एस्टीनं. खिडकीत बसलं की वारं असं लागतं की टोपी धरावी लागती. तासभर पंचा त्या वाऱ्यावर. वैशाखात! अहो, वाळून पापड व्हायला पायजे त्याचा! आन् हा मास्तर दारात उभा राहून पाणी गाळतोय!" त्यांनी अंक खाली केला. चेहऱ्यावर दुःख आणि आनंद एकदमच दिसत होते. "फशिवलं की रं मला, मास्तर."

भाऊसाहेब उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "खलनायक समोर होता की नव्हता?"

मी वासंतीबाईंकडे पाहिले. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"होता!" आबा गरजले, आणि त्यांच्या मागोमाग सगळे सभागृह. तो आवाज ओसरल्यावर आबांनी खाली बसता बसता पुस्ती जोडली, "पण डॉक्टरबी काय सरळ नाय."

भाऊसाहेबांनी मला हात हलवून खूण केली. मी जवळ गेलो. "पुढच्या वर्षीची कथा कोणाची?" त्यांनी विचारले. राशी माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून मावळल्या.

संध्याकाळी आम्ही गोदेच्या काठी गेलो. घाटाच्या पायऱ्यांवर पणत्या लागल्या होत्या आणि पाण्यात द्रोणांतून दिवे सोडणे चालू होते. दामूअण्णा आमच्यापासून थोडे दूर, गुडघाभर पाण्यात उभे होते. वासंतीबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि वाकून त्यांना नमस्कार केला. "अण्णा, आजचा निकाल तुमचा."

दामूअण्णा अवघडले. "मी काय केलं? देऊळ बदललं."

"एक खरं सांगाल? अप्पा चोर आहे, ते वाक्य मुद्दाम टाकलंय, असं मी तुम्हाला आधीच सांगितलं असतं, तर कपालेश्वराचा नंदी तसाच ठेवला असता?"

दामूअण्णांनी हातातला द्रोण पाण्यावर टेकवला. दिवा स्थिर झाला तेव्हा हलकेच सोडला. पलीकडे कपालेश्वराच्या पायऱ्यांवर दिव्यांची रांग लागली होती, आणि वर त्या देवासमोरची जागा नेहमीप्रमाणे मोकळी असणार होती. त्यांनी तिकडे पाहून हात जोडले आणि विचार करून उत्तर दिले.

"नसता ठेवला. चोर झाला म्हणून काय झालं, वकीलबाई? खोटं कुठे बोलावं याला काही मर्यादा आहे की नाही?"